सोयरीक न होणारं घर: पुण्याच्या दफ्तरांत एका पूर्वजाचा शोध

आमच्या घरात स्थळं बघायला सुरुवात झाली की दोन आडनावं आधीच वगळतात. एक आमचं स्वतःचं. ते सगळेच वगळतात. दुसरं आमच्या मूळ गावाच्या शेजारच्या गावातलं, वरवर पाहता आमच्याशी काहीही नातं नसलेलं. कारण विचारलं तर आजी म्हणायची, बांधावरून भांडण झालं होतं, माणूस दगावला होता. कधी, कोणाचा, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पुढे आजी गेली, गिरणी बंद पडली, लालबागची खोली सुटली, पण नियम तसाच राहिला. माझ्या चुलतभावाच्या मुलीचं एक चांगलं स्थळ याच नियमापायी नाकारलं गेलं आणि तिने मला विचारलं, "आत्या, ह्याला काही आधार आहे का गं?" त्या प्रश्नासाठी मी पुण्याला निघाले.

शोध एकाच माणसाचा होता, माझ्या खापरपणजोबांचा. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे पणजोबा, पुरंदर तालुक्यातून मुंबईला गिरणीत आले. त्याच्या आधीचं सगळं धूसर. पत्र्याच्या पेटीत आजोबांचा शाळेचा दाखला, गिरणीचा पास आणि गावच्या जमिनीचा एक जीर्ण उतारा एवढंच निघालं. नावं, आडनावं आणि गाव मी इथे लिहीत नाही. ते दुसरं घराणं आजही नांदतं आहे आणि घरच्या गोष्टी चारचौघांत सांगायच्या की नाही हे त्यांनीही ठरवायला हवं.

सोमवार

सकाळच्या इंद्रायणीने पुण्यात उतरले आणि स्टेशनवरून थेट पुराभिलेखागार गाठलं. जुने पुणेकर याला अजून पेशवे दफ्तरच म्हणतात. कौन्सिल हॉलजवळची ही दगडी इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला खास कागद ठेवण्यासाठीच बांधली. आत तीस हजारांवर रुमाल आहेत. कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं म्हणजे रुमाल, आणि एका रुमालात शेकडो कागद. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात याच दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. ते खंड लढाया, वकिलाती आणि दरबारी मसलतींचे. माझ्यासारखीला हवा असलेला माणूस त्यांत सापडण्याची आशा नव्हती, पण रुमालांत काय असेल कोण जाणे, असं मनात होतं.

अर्ज भरला, ओळखपत्र दाखवलं. तिथल्या जाणत्या कर्मचाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, घराण्याला इनाम होतं का?"

"नाही."

"पाटीलकी, कुलकर्ण, चौगुलकी, असं वतन? पागेत, पथकात कोणी? देवस्थानची व्यवस्था?"

"साधे शेतकरी होते हो."

ते क्षणभर थांबले. "मग माणूस शोधू नका. गाव शोधा. गाव कोणत्या प्रांतात, कोणत्या तर्फेत होतं ते सांगा."

प्रांत पुणे, तर्फ कऱ्हेपठार. हे मला ठाऊक होतं, कारण सासवड-जेजुरीच्या बाजूचा तो सगळा मुलूख कऱ्हेपठारच म्हणवतो. त्यांच्या त्या एका वाक्याने माझ्या शोधाची दिशा बदलली. दफ्तर आडनावांप्रमाणे लावलेलं नाही. ते सरकारच्या कामाप्रमाणे लावलेलं आहे: रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, प्रांताचे हिशेब, पागा, पथकं. माणूस कागदावर येतो तो जमीन, पैसा किंवा तंटा यांच्या निमित्ताने. ज्याने वेळेवर सारा भरला, कोणाशी भांडला नाही, कोणाची चाकरी केली नाही, त्याची ओळ कुठेच नाही.

दुपारी इनाम कमिशनच्या कागदांची यादी पाहायला मिळाली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पण इनामं चालूच राहिली, आणि कोणाचं इनाम खरं, कोणाचं नुसतं वहिवाटीचं, हे कंपनी सरकारला कळेना. १८५२ च्या ११ व्या कायद्याने कमिशनला पक्के अधिकार मिळाले. ज्याच्याकडे करमुक्त जमीन असेल त्याने ती कोणी दिली, मूळ पुरुष कोण आणि आज हयात वारस कोण, हे पुराव्यानिशी सांगायचं. त्यामुळे कैफियतींसोबत वंशावळी दाखल झाल्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांना आपली पाच-सहा पिढ्यांची साखळी मिळते ती या चौकशीमुळे. जमीन जाईल या धास्तीने लोकांनी घरातले सगळे कागद कचेरीत आणून दिले होते.

आमच्या गावच्या यादीत देवाची जमीन होती, गुरवाची, जोशाची, महारांच्या वतनाची होती. आमचं आडनाव नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. यादी तपासून झाली, एक दार नीट बंद झालं.

संध्याकाळी शनिवार पेठेत आत्याकडे. ती पंच्याहत्तरी ओलांडलेली, वडिलांची धाकटी बहीण. सगळं ऐकून म्हणाली, "आमच्या सासरी होती हो वंशावळ, कापडावर काढलेली. पानशेतात गेली." १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. भांडीकुंडी, धान्य यांचं दुःख लोकांनी तेव्हाच केलं. कागद गेल्याचं दुःख मात्र पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला येतं. पुण्यात कोणत्याही जुन्या घरी वंशावळीची चौकशी करा, हे "पानशेतात गेली" कुठे ना कुठे ऐकायला मिळतंच.

मंगळवार

सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ. वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० साली सुरू झालेली ही संस्था. घरोघरच्या माळ्यांवरून, फडताळांतून जमवलेले मोडी कागद इथे जपले आहेत. मला एका निवृत्त शिक्षकांना भेटायचं होतं. ते कितीएक वर्षं मोडी वाचतात आणि शिकवतात. त्यांना मी सर म्हणते, तेच पुरे.

सरांनी समोर एक कोरा कागद ठेवला आणि आधी रेघ ओढली. "मोडीत रेघ आधी. मग अक्षरं. शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. हात उचलायचा नाही, कारण कारकुनाला दिवसभर लिहायचंय." मग संक्षेप. मौजे, तर्फ, परगणा, राजश्री, मुक्काम, प्रत्येकाचं पहिलं अक्षर आणि पुढे दोन उभे दंड. हे संक्षेप डोळ्यांत बसले की पान अर्धं वाचून होतं. उरतात ती नावं, आणि खरी अडचण नावांचीच असते.

ती त्यांनी फार छान समजावली. "नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन. त्यांचे वडील जनार्दन बाळाजी. आजोबा बाळाजी महादेव. आडनाव भानू, पण कागदावर ते तुम्हाला क्वचितच दिसेल. आता सांगा, नुसतं 'बाळाजी' असं लिहिलेला कागद मिळाला तर तो आजोबांचा की नातवाचा?" आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत. त्यामुळे घराण्यात तीच दोन-तीन नावं आलटून पालटून येत राहतात. म्हणून कागदावरच्या नावाइतकंच त्याच्यापुढचं 'बिन', म्हणजे 'अमक्याचा मुलगा', महत्त्वाचं, त्यापुढचं गाव महत्त्वाचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं साल.

साल वाचायचं कसं, हा दुसरा धडा. मराठी कागदांवर सुहूर सन ही जुनी कालगणना अरबी आकड्यांच्या शब्दांत येते. 'सीत सबैन मया व अलफ': सहा, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे ११७६. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १७७५-७६. सहाशे कधी आणि पाचशे नव्याण्णव कधी? ते महिन्यावर अवलंबून, कारण हे वर्ष मृग नक्षत्रापासून, जूनच्या सुरुवातीपासून धरतात. शकाला ७८ मिळवायचे. फसलीला ५९०. मी वहीच्या मलपृष्ठावर हा तक्ता लिहून घेतला. ज्याला कोणाला असा शोध घ्यायचा असेल त्याने आधी हे करावं.

सरांनी उदाहरणासाठी मुद्दाम ११७६ घेतलं होतं. कऱ्हेपठारातल्या गावांसंबंधीचा त्या सालचा एक कागद त्यांनी माझ्यासाठी वाचून ठेवला होता. त्यात आमच्या गावच्या शेतकऱ्यांची नावं होती आणि त्यांत एक नाव थेट माझ्या खापरपणजोबांच्या वडिलांचं! छातीत धडधडलं. पण माझ्या खापरपणजोबांचा जन्म १८७० च्या आसपासचा असणार. मधे शंभराच्या आसपास वर्षं, म्हणजे तीन-चार पिढ्या. नाव तेच, गाव तेच, आडनाव कागदावर नाही. "लावता येईल का सर, हे आमच्या साखळीत?" त्यांनी मान हलवली. "पेन्सिलीने बाजूला लिहा. शाईने नको." इंटरनेटवर फिरणाऱ्या वंशावळी मी पाहते तेव्हा हे वाक्य आठवायला हवं असं फार वाटतं. त्यांतल्या किती साखळ्या केवळ नामसाम्यावर उभ्या असतात! आपल्याला कोणीतरी थोर पूर्वज हवा असतो, आणि शंभर वर्षांची दरी आपण एका उभ्या रेषेने बुजवून टाकतो.

मंडळाच्या ग्रंथालयात कुलवृत्तांत पाहिले. एकेका आडनावाचे जाडजूड ग्रंथ: गोत्र, मूळ गाव, शाखा, प्रत्येक पुरुषाचं शिक्षण, नोकरी, कन्येला कुठे दिली तेही. गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून कोकणस्थ आणि इतर ब्राह्मण घराण्यांनी हे काम चिकाटीने केलं, घरोघर पत्रं पाठवून माहिती गोळा केली. शाबासकी द्यावी असंच काम आहे. पण त्या कपाटासमोर उभं राहिलं की कोणाकडे लिहिणारे हात होते आणि कोणाकडे नांगर धरणारे, तेही दिसतं. आमच्यासारख्यांचा कुलवृत्तांत छापील नसतो. तो तलाठ्याच्या दप्तरात, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, कोल्हापूर-सांगलीकडे दारी येऊन वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांच्या चोपड्यांत विखुरलेला असतो.

बुधवार

आत्या हट्टाने बरोबर आली. हडपसर मागे पडलं की वडकीपाशी मस्तानी तलाव दिसतो आणि बस दिवे घाट चढायला लागते. ज्ञानोबा माउलींची पालखी याच घाटाने सासवडला जाते. घाटमाथ्यावर हवा एकदम बदलते. जानेवारीचं ऊन होतं, सासवडच्या बाजारात मटारची पोती उतरत होती.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षाबाहेर आमच्याआधी बरीच माणसं होती. सगळे पूर्वजच शोधायला आलेले. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभरातल्या कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं बाहेर निघाली. तेव्हापासून 'नमुना चौदा', 'कडईपत्रक' हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येतात. रांगेतल्या एका तरुण मुलाने हातात घरची वंशावळ धरली होती, प्रतिज्ञापत्रासाठी टंकलेली. आत्याने ती वाचायला मागितली. "अरे, ह्यात एकाही बाईचं नाव नाही," ती म्हणाली. तो म्हणाला, "आजी, फॉर्मात तशी जागाच नाही."

गाव नमुना चौदा म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंदवही. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जन्माच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी बाळाचं नावच नसतं, कारण नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं. बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी', एवढंच. त्यामुळे आपल्या पणजोबांच्या नावाने शोधलं तर ते सापडत नाहीत. त्यांच्या वडिलांच्या नावाखाली, अंदाजे सालात, 'मुलगा' म्हणून शोधावं लागतं. भावंडं चार असतील तर कोणता मुलगा हे पुन्हा शाळेच्या दाखल्यावरून ठरवायचं. आमच्या पेटीतला आजोबांचा दाखला इथे उपयोगी पडला, कारण त्यावर पणजोबांचं नाव बापासकट लिहिलेलं होतं.

मृत्यूच्या नोंदींत १९१८ चं पान उघडलं तेव्हा मी पुढे सरकूच शकले नाही. ऑक्टोबर महिना. ओळीमागून ओळ, कारण एकच: ताप. एकाच घरातली चार-चार माणसं. इन्फ्लुएंझाची ती साथ मुंबई इलाख्यात त्याच महिन्यात शिगेला पोचली होती, हे मी वाचलेलं होतं. पण ज्या गावाच्या जत्रेला लहानपणी गेले, त्या गावची ही यादी वाचणं वेगळं. आमच्या घरातल्याही दोन मुलींची नोंद त्यात होती. वय चार आणि वय दीड. आत्याला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. तिने मला त्या दोन ओळी पुन्हा वाचायला लावल्या.

खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद १९२६ ची निघाली, वय अंदाजे ५६. म्हणजे जन्म १८७० च्या सुमाराचा, माझा हिशेब जुळला. मग फेरफार, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर कशी गेली त्याच्या नोंदी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. गावोगाव नोंदवह्या तयार व्हायला पुढची काही वर्षं गेली, आणि पहिल्या नोंदी लिहिताना प्रत्येक जमिनीचा कब्जेदार कोण आणि त्याच्याकडे ती कशी आली, हे लिहावं लागलं. वडिलोपार्जित असेल तर एका शब्दात काम भागतं. आमच्या खात्यासमोर मात्र पान भरून मोडी होती, आणि खाली 'तक्रार' हा एक शब्द मला स्वतःला वाचता आला.

गुरुवार

नकलेसाठी अर्ज दिला होता, ती दुपारी मिळाली. त्याआधी सकाळी गावात जाऊन आलो. भैरवनाथाचं देऊळ, पलीकडे अंजिराची बाग, लांबवर पुरंदर. भाऊबंदांनी चहा दिला, जेवल्याशिवाय सोडलं नाही. जुना कागद कोणाकडेच नव्हता.

नसण्याचं एक कारण या मुलुखाच्या इतिहासात आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, कापसाचे भाव कोसळले, त्यात साऱ्याचे दर वाढले आणि शेतकरी सावकारांच्या खात्यांत रुतले. १२ मे १८७५ रोजी इथून फार लांब नसलेल्या सुप्याला लोक उठले आणि त्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. आसपासच्या गावांत तेच लोण पसरलं. त्या काळात शेतकऱ्याचं नाव ज्या कागदावर हमखास असायचं, तो कागदच त्याने पेटवला. मी त्याला दोष कसा देऊ? त्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दस्त गावच्या पातळीवर नोंदवण्याची सोय झाली आणि ही माणसं कागदावर पुन्हा दिसायला लागली. मधे १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ होऊन गेला होता. तो दुष्काळ आमच्या घराशी कसा जोडलेला आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

शुक्रवार

सर नक्कल घेऊन खिडकीपाशी बसले. आत्याही आली होती. त्यांनी आधी स्वतःशी सगळं वाचलं, मग म्हणाले, "ताई, लिहून घ्या. मी अर्थ सांगत जातो, मग अक्षरशः वाचू."

खाली आहे तो १९१४ सालच्या त्या नोंदीचा सारांश. खापरपणजोबांच्या नावावर असलेल्या जमिनीला भाऊबंदांनी हरकत घेतली होती. म्हणणं असं की हा मुलगा मूळ घरातला नव्हे. त्यावर एका बाईचा जबाब नोंदवलेला आहे. त्या वेळी ती म्हातारी झालेली असणार. ती सांगते की तिचा नवरा दुष्काळाच्या साली वारला, पोटी मूल नव्हतं. तिची नणंद शेजारच्या गावी दिलेली. नणंदेला तीन मुलगे. त्यांतला धाकटा, तेव्हा सात-आठ वर्षांचा, तिने पंचांसमोर दत्तक घेतला, आणि तेव्हापासून जमीन तोच कसतो. पुढे मुलाच्या जनक बापाचं नाव, गाव, आडनाव.

सरांनी ते आडनाव वाचलं आणि आत्याने माझा हात धरला. आम्ही सोयरीक न करणारं ते घर.

बांधावरचं भांडण नव्हतंच. कोणी दगावलं नव्हतं. ते आमचं जन्मघर होतं. दत्तक गेलेला मुलगा धर्मशास्त्राप्रमाणे आणि कायद्याप्रमाणे नव्या घरचा होतो, पण ज्या कुळात जन्मला तिथे त्याला आणि त्याच्या वंशजांना लग्नसंबंध करता येत नाही. १९५६ च्या दत्तक कायद्याच्या बाराव्या कलमातही दत्तकापुरता हाच निर्बंध कायम ठेवला आहे. आजीच्या आधीच्या कोणा बाईला कारण माहीत असणार. तिने नियम सुनेला दिला, सुनेने तिच्या सुनेला. वाटेत कधीतरी कारण गळून पडलं आणि त्या जागी भांडणाची गोष्ट आली. नियम मात्र एका अक्षराने बदलला नाही.

हरकतीचा दुसरा मुद्दा होता तो विधवेला दत्तक घ्यायचा हक्क काय, हा. इथे सरांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. बंगालमध्ये नवऱ्याची परवानगी असल्याशिवाय विधवेला दत्तक घेता येत नसे. मुंबई इलाख्यात न्यायालयांनी मयूख या धर्मशास्त्रावरच्या ग्रंथाचा आधार घेऊन वेगळी वाट धरली: नवरा विभक्त असेल आणि त्याने मनाई केलेली नसेल, तर विधवा स्वतःच्या अधिकारात दत्तक घेऊ शकते. भाच्याला दत्तक घ्यायला त्रैवर्णिकांना, म्हणजे वरच्या तीन वर्णांना, शास्त्राची आडकाठी होती, शेतकरी समाजात ते चालत आलं होतं. त्या बाईला हे कायदे माहीत असतील की नाही, कोण जाणे. पण जबाबात ती दोन गोष्टी ठामपणे सांगते: नवरा वाटणी होऊन वेगळा राहत होता, आणि मूल तिने स्वतः निवडलं. निर्णय वहिवाट पाहून तिच्या बाजूने झाला. नोंद मंजूर.

जबाबाखाली सही नाही. निशाणी आहे. शेतकऱ्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी, अशी जुनी रीत. कारकुनाने काढलेलं ते छोटं वर्तुळ आणि शेजारी तिचं नाव, पुढे 'भ्रतार', मग नवऱ्याचं नाव. आमच्या घरात हे नाव कोणालाही माहीत नव्हतं. जिच्यामुळे आम्ही या आडनावाचे झालो, जिने दुष्काळात एका पोराला घरी आणून वाढवलं आणि म्हातारपणी कचेरीत उभं राहून ते पोर माझं आहे असं सांगितलं, तिचं नाव. मी ते वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. आत्या म्हणाली, "मला पण लिहून दे." तिला वेगळ्या कागदावर लिहून दिलं.

रात्री मुंबईला भाचीला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ते स्थळ नाकारलं ते बरोबरच होतं. पण कारण भांडण नव्हतं, तर आपण त्यांचेच आहोत हे होतं." मी म्हटलं, हो. इतक्या पिढ्यांनंतर हा नियम किती ताणायचा हे तिच्या पिढीने ठरवावं, असं माझं मत आहे, आणि ते मी तिला सांगितलं. पण आता तिला जे ठरवायचं ते कारण माहीत असून ठरवता येईल.

शनिवार

कचेऱ्या बंद. आत्याने आपणहून ओळखीतून त्या दुसऱ्या घराण्यातल्या एका वडीलधाऱ्यांचा पत्ता लावला. हडपसरला राहतात. आम्ही नक्कल घेऊन गेलो. त्यांनी ती कपाळाला लावली, मग चष्मा शोधला. त्यांच्याकडेही आमचं आडनाव वगळतात. कारण विचारलं तर म्हणाले, "आम्ही त्याला दिलेलं घर म्हणतो. आम्हाला वाटायचं मुलगी दिलीय." त्यांच्या सूनबाईंनी फोनमध्ये दत्तक न गेलेल्या दोन थोरल्या भावांचे वंशज दाखवायला सुरुवात केली. सासवड, भोसरी, एक शाखा बडोद्याला. तासाभरात माझ्या वहीत नवी पानं भरली.

संध्याकाळी आत्याच्या जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि वंशावळ आखली. खापरपणजोबांच्या डोक्यावर दोन रेषा: जन्माची अखंड, दत्तकाची तुटक. १७७५ च्या कागदातलं ते नाव पेन्सिलीने एका कोपऱ्यात राहिलं. ते आमच्या पूर्वजाचं निघालं तरी आता ते दत्तक घराण्याच्या शाखेवर लागेल, जनक बापाच्या नाही, हेही कळलं. १९१८ मध्ये गेलेल्या दोघी मुली आत्याने पणजोबांच्या धाकट्या बहिणी म्हणून स्वतःच्या हाताने लिहिल्या. नावं नाहीत, म्हणून वय आणि साल.

दत्तक घेणाऱ्या त्या बाईच्या चौकटीत नाव आहे, माहेर नाही. जबाबात माहेरचा उल्लेख नाही आणि सासवडच्या वह्यांत तो मिळायचं कारणही नाही, कारण तिचं लग्न त्या वह्यांच्या आधीचं. पुढची जागा नाशिक. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गाव, जात आणि आडनाव यांप्रमाणे यजमानांच्या वह्या असतात. अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा सिंहस्थाला आलेल्या माणसाने आपल्या घरच्यांची नावं सांगितलेली असतात, आणि बायका आल्या असतील तर त्यांचीही. खापरपणजोबा आईच्या अस्थी घेऊन गेले असतील तर नोंद १९१४ च्या पुढची असायला हवी, कारण त्या सालच्या जबाबात ती हयात आहे. मृत्यूच्या वहीत तिची तारीख शोधण्यासाठी सासवडला दुसरा अर्ज करून ठेवला आहे. ती तारीख हाती आली की नाशिकच्या उपाध्यायांना साल सांगता येईल. आत्या म्हणते उन्हाळ्याच्या आधी जाऊ, तिला घाटावरची पायऱ्यांची चढउतार उन्हात झेपणार नाही.